पितळी खांबाखालची गादी

—तिथे नाही, तिथे नाही! गादीवरून उतर आधी. हो, तीच, तुझ्या बुटांखालची. पायपुसणं नाहीये ते. वर बघ. दिसलं भोक? आता थोड्या वेळात त्या भोकातून एकामागून एक बाप्ये घसरत येणार आहेत ह्या खांबावरून, आणि त्यातला सॅल म्हणून जो आहे ना, इथला स्वयंपाक तोच करतो, तो एकटा तुझ्यासारखे दोन. तो खाली बघत नाही, त्याचं पोटच आड येतं. मग पुढच्या अंकात तुझाच फोटो छापावा लागेल, आणि तो काढायला दुसरा माणूस धाडावा लागेल. ये, इकडे बाकावर बस माझ्याशेजारी. तुझं ते तीन पायांचं स्टँडही उचल. बंबाला टेकवू नकोस! सकाळपासून पुसतायत मेले त्याला, स्वतःच्या घरची खिडकी कधी पुसली नसेल इतकं. मी? मी जेनेव्हीव. ज्याच्या निवृत्तीचा फोटो काढायला तुझ्या साप्ताहिकाने तुला पाठवलंय ना, त्या चेटची, म्हणजे चेस्टर कुझाराची बायको. आणि मॅडम-बिडम नको म्हणूस, मला शाळेतल्या नन्सची आठवण येते.

काय म्हणालास? हातांचा? खांबावरच्या हातांचा, जवळून? हे कुणाचं डोकं — संपादकाचं? ‘चौतीस वर्षं आग विझवणारे हात’ — वा, वा! कॉफी पिता पिता सुचलं असेल, पाय टेबलावर टाकून. अरे बाळा, त्याला जाऊन विचार, बाबा रे, कधी खांबावरून उतरलायस का? हातांनी उतरतो तो गाढव. हातांनी खांब आवळला की तळव्याची सालं निघतात, आणि सालं निघाली की माणूस काय करतो? सोडतो. आणि सोडल्यावर काय होतं ते काही मी सांगायला नको. हात नुसते वाटेला लावतात, सगळं काम पायांचं. नीट ऐक, उगाच मुंडी हलवू नकोस. आधी वाकून खाली बघायचं, कुणी तुझ्यासारखा शहाणा उभा नाही ना ते. मग हात पुढे करून खांब छातीशी ओढायचा — कवेत घ्यायचा, मुठीत नाही — मग एक पाय पुढून, एक मागून, असा विळखा, मांड्या घट्ट, आणि दोन्ही बुटांच्या मधे खांब. वेग वाढला, आवळ. अडकलास, थोडं सैल कर. खाली पोचताना गुडघे वाकवायचे, ताठ उतरला की मणका बोंबलतो. खिशात काही नको, पट्ट्याचं बक्कल बाजूला फिरवायचं, घड्याळ नको, अंगठी तर नकोच नको. चेटने लग्नाची अंगठी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात काढून ठेवली. मी रडले! मला वाटलं, हा कसला नवरा? मग त्याने मला त्याच्या आधीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. वरच्या कठड्याच्या खिळ्यात अंगठी अडकली, माणूस खाली आला आणि बोट वरच राहिलं. मग म्हटलं, राहू दे बाबा, अंगठी घरी राहू दे आणि बोट तुझ्याकडे. तर फोटो काढायचाच तर पायांचा काढ, बुटांचा काढ, मांड्यांचा काढ. मांड्या नाही छापत तुमच्याकडे? चर्चचे फादर रागावतील? मग चेहऱ्याचा काढ. हातांचा नको.

नको म्हणजे नको. कारण काय विचारतोस? कारण बरं नाही दिसत. कारण हात दिसायला — ते जाऊ दे. तुला ही खांबाची भानगड कशी सुरू झाली ते माहीत आहे का? नाही ना? लेख तूच लिहिणार आणि तुलाच माहीत नाही! पूर्वी बंब घोडे ओढायचे. घोडे खाली, माणसं वर, आणि वर शिजायचं. वास आला की घोडे जिना चढून वर यायचे, खरंच सांगते, चेटच्या आज्याच्या तोंडची गोष्ट आहे. म्हणून जिना केला वळणाचा. वळणाच्या जिन्यावर घोडे चढेनात, पण भोंगा झाला की माणसं एकमेकांच्या पाठीवर पडायला लागली, म्हणून मग हे भोक पाडलं आणि खांब रोवला. घोडे गेले, वळणाचा जिना गेला, तो बघ तिकडे साधा सरळ जिना आहे, शेळीसुद्धा उतरेल. पण खांब काही ह्यांना सोडवत नाही. का? तर म्हणे वेळ वाचतो. वेळ! ह्यांनी मला वेळेच्या गोष्टी सांगाव्या! हा माझा नवरा भोंगा झाला की डोळा उघडायच्या आत खाली, आणि घरी माडीवरून न्याहारीला खाली यायला ह्याला एक तास. मी खालून ओरडतेय, अंडी थंड झाली, अंडी थंड झाली — वरून उत्तर, आलोच. बायकोने हाक मारली की जिना, भोंगा वाजला की खांब! ते लिही तुझ्या लेखात. ह्या बफेलो शहरात बंबवाल्याची एक बायको नाही जी त्या ओळीखाली सही करणार नाही.

आणि खांबाचे लाड किती! ह्या रूडीने, तो उंच आहे ना, वरून आत्ता डोकावला तो, त्याने एकदा नवे कॅप्टन यायचे म्हणून खांबाला लाकडी फरशीचं मेण चोळलं. प्रेमाने! चकाकला पाहिजे म्हणून. कॅप्टन डनलेव्ही वरून निघाले ते थेट बटाट्याचं पोतं पडावं तसे आले, महिनाभर उशीवर बसून जेवले. खांबाला कधी काही लावायचं नसतं, तेल नाही, मेण नाही, नुसतं कोरडं फडकं. दमट दिवसात पितळेला घाम येतो, तोही पुसायचा. म्हणून आज सकाळी मीच येऊन पुसला. हो, मी. ह्या गाढवांचा काय भरवसा, आज समारंभ म्हणून पुन्हा कुणाला प्रेम आलं तर? खालून जिथवर हात पोचतो तिथवर, मग वर जाऊन कठड्यातून वाकून. सॅल म्हणाला, मिसेस के., आम्ही करतो ना. मी म्हटलं, तू तुझ्या केककडे बघ. बघितलास का केक? बंबाच्या आकाराचा केलाय म्हणे. मला तर तो चिरडलेला बूट दिसतो. मी पिएरोगी आणलेत, बटाट्याचं आणि कोबीचं सारण भरून उकडलेले, ते खा. केकला हात लावू नकोस.

तर इथली रीत अशी — हेही लिहून घे, नाहीतर तू लिहिशील ‘श्री. चेस्टर कुझारा निवृत्त झाले’ आणि संपलं. रीत अशी, की शेवटच्या दिवशी सगळे आधी उतरतात, अगदी कॅप्टनसुद्धा, आणि जो निघालाय तो सगळ्यांत शेवटी. एकटा. वर कुणी नाही, खाली सगळे — पोरंबाळं, बायका, फादर, जुने म्हातारे, ते बघ तिकडे रांगेत खुर्च्यांवर बसलेत ते, सगळे निवृत्त, सगळ्यांचं लक्ष भोकाकडे. जसा उतरला तसा त्याचा निकाल. हो, निकाल! चौतीस वर्षं काय केलं ते कुणी विचारत नाही. ग्रोगन म्हणून एक होता. चांगला माणूस, तीन मुलं आगीतून बाहेर काढली त्याने, एकदम तीन. शेवटच्या दिवशी गुडघा धरला म्हणून जिन्याने आला. कुणी काही बोललं नाही, टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण त्यानंतर त्याचं नाव पडलं जिनेवाला. दुकानात जिनेवाला, चर्चमधे जिनेवाला. तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीपाशी उभं राहून हे मेले म्हणत होते, जिनेवाला गेला बिचारा! त्याची बायको तिथे उभी आहे काळ्या पोशाखात आणि हे म्हणतायत जिनेवाला. तेव्हापासून चेटच्या डोक्यात बसलंय. मी म्हटलं, अरे, म्हणेनात का! तू काय ऐकायला राहणार आहेस का शवपेटीत? तर म्हणतो, जेनी, तुला नाही कळणार. मला नाही कळणार! तळघरात कोण रात्रंदिवस —

काही नाही. काही नाही म्हटलं ना. तळघरात आमचं धुणं असतं. तू तुझ्या रिळाकडे बघ.

बरं, आहे तळघरात एक खांब. इकडच्या सगळ्या घरांत असतो, छताला टेकू म्हणून, लोखंडी. त्याचा रंग मी पॉलिशपेपरने घासून काढला, खाली सोफ्याच्या उशा टाकल्या, त्यावर हिवाळ्यातली दुलई, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं बाजूला. सराव! हसतोस काय? चौतीस वर्षं उतरलेल्या माणसाला सराव कशाला, हेच ना? मीही हसलेच असते. तो स्टुलावर चढायचा आणि नुसता उभा राहायचा. मी म्हणायचे, घे ना खांब कवेत. तो म्हणायचा, घेतो. आणि घ्यायचाच नाही. शेवटी मी चिडले, म्हटलं, उतर खाली, मी दाखवते तुला! आणि चढले. ह्या वयात, घरातला झगा घालून, स्टुलावर. त्याने आयुष्यभर जेवताना सांगितलेलं सगळं मला पाठ होतंच — मांड्या, बूट, गुडघे — घेतला विळखा आणि आले खाली. उघड्या पोटऱ्या भाजल्या, अंगात पॅन्ट पाहिजे हे विसरले होते. पण आले! आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, जेनी, तुझी भरती करायला पाहिजे होती. मग तो चढला आणि उतरला, आणि मग रोज उतरायचा, जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. पाय त्याचे पक्के आहेत रे. पायांना काही झालेलं नाही. हातच —

तू ते लिहू नकोस.

पेन्सिल खाली ठेव. ठेव म्हणते ना! बघ, तुझ्यासारख्यांशी बोलायचंच नसतं, तुम्ही गप्प बसता आणि माणूस आपला बोलत सुटतो. तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का? आता ऐकलंच आहेस तर पूर्ण ऐक, अर्धवट ऐकून काहीतरी भलतं छापशील. त्याचे हात थरथरतात. झालं? आधी उजवा, आता दोन्ही. डॉक्टरने कंपवात म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात ह्याने निवृत्तीचा अर्ज दिला. इथे काय सांगितलं? तर म्हणे सरोवरावर मासे धरायला जायचंय! मासे! ह्या माणसाला माशाचा वाससुद्धा सहन होत नाही, आणि ह्या मूर्खांनी विश्वास ठेवला. गळ भेट दिलाय त्याला, तो बघ कागदात गुंडाळलेला, एवढा लांबलचक. तो गळाला आमिष कसं लावणार? आज शर्टाची बटणं मी लावली. दाढी मी केली, हनुवटीखाली कापलं थोडं, तर म्हणतो, ठीक आहे, सांगेन की घाईत कापलं. खिशात हात घालून हिंडतो दिवसभर. कॉफी नको म्हणतो इथे, का, तर पोटात जळजळ! तो! टाकीने कॉफी पिणारा माणूस. मी म्हटलं, अरे, सांगून टाक ना. भाऊ भाऊ म्हणतोस, एका ताटात जेवता. तर माझ्याकडे असं बघितलं ना... म्हणाला, सांगितलं की दया सुरू होते, जेनी. मग तुझ्या ताटातलं मांस दुसरा कापून देतो. एक दिवस राहिलाय, तेवढा मला त्यांच्यातला म्हणून उतरू दे.

तर हे असं आहे. आता कळलं हातांचा फोटो का नको ते? त्याला फक्त ते एवढंसं करायचंय. वरून खाली. पाय सांभाळतील, मला खात्री आहे. हात कवेत गेले की दिसत नाहीत, तेही बघून ठेवलंय आम्ही आरशासमोर. भीती उतरण्याची नाहीच. भीती उतरल्यानंतरची. खांब सोडला की हात मोकळे, आणि हात मोकळे झाले की सुरू. आणि समोर हे सगळे बघत बसलेले, आणि तू कॅमेरा घेऊन. म्हणून मी ठरवलंय, तो गादीवर टेकला रे टेकला की मी धावणार आणि मिठी मारणार. दोन्ही हात त्याचे माझ्या कोटाच्या आत. लोक म्हणतील, अगं बाई, म्हातारीला काय प्रेम आलंय! म्हणू देत. बायको रडतेय असं वाटलं की कुणी हातांकडे बघत नाही. त्याला चारचौघांत मिठी मुळीच आवडत नाही, लग्नातसुद्धा ह्याने माझं चुंबन असं घेतलं जसं काही पाकिटावर तिकीट चिकटवतोय. पण हो म्हणाला. तोंड वाकडं करून म्हणाला, पण म्हणाला. म्हणून मी इथे बाकाच्या टोकाला बसलेय, पाहिलंस? इथून दोन ढांगांवर गादी आहे. आणि तुझं ते स्टँड बरोब्बर माझ्या वाटेत ठेवलंयस. उचल. आणि तो दिवा चमकवायचा नाही, उतरताना डोळ्यांवर उजेड आला तर पायाचा अंदाज चुकतो. काय? दिव्याशिवाय फोटो काळा येतो? मग काळा येऊ दे. नाहीतरी तुझे फोटो काळेच येत असतील.

घंटा झाली. उभा राहा. असा नाही, माझ्या मागे.

हा बघ, हे कॅप्टन. काय ते पोट आत ओढलंय, फोटो आहे ना आज! बरे उतरले. मेणाच्या दिवसापासून खांबाला घाबरतात, मिठीच मारतात त्याला. आता बाजूला व्हा म्हणावं. उतरला की लगेच गादीपासून लांब, सरळ बंबापर्यंत, मागे बघायचं नाही. वरचा थेट डोक्यावर येतो ना, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आता हा सॅल — अरे देवा, खांब हलला. गुडघे वाक, वाक... हां. जिवंत आहे. पण हे बघ की, हे कॅप्टन तिथेच उभे! गादीच्या कडेला. आणि सॅलही तिथेच. कॅप्टन झाले तरी एवढं कळत नाही? अहो कॅप्टन, बाजूला व्हा! ऐकतायत का. माझ्याकडे पाठ करून उभे, ऐकू येत नसल्यासारखे. आता रूडी आला, हा चांगला उतरतो, पायच लांब आहेत, अर्धा खांब तर त्याच्या पायांतच संपला — आणि हाही तिथेच! हे काय चाललंय? भिंत बांधताय का? अरे, मला वाट ठेवा! मला पलीकडे जायचंय ना! सगळ्या पाठी, एकेक कपाटाएवढी. चौथा आला, पाचवा आला, सगळे गोल करून उभे, खांद्याला खांदा. एवढी साधी शिस्त पाळता येत नाही आणि म्हणे आम्ही शहर वाचवतो!

थांब. बूट दिसले.

त्याचे आहेत. जुने आहेत, मीच म्हटलं जुने घाल, नव्यांचे तळ गुळगुळीत असतात. उभा आहे. खाली बघतोय, बरोबर, आधी खाली बघायचं. आता घे. घे ना कवेत. चेट, घे. का थांबला? किती वेळ थांबशील, ते म्हातारे बघतायत — तो ग्रोगनचा भाऊ बघतोय, मान वाकडी करून, मेला — घे रे. तळघर आहे असं समज. मी उशा टाकल्यात असं समज. हां. घेतला. पाय... मागचा पाय... हां, हां. येतोय. सावकाश येतोय, सावकाश ये, तुला कुठे आग लागलीय. गुडघे. गुडघे, चेट, गुड—

उतरला. माझा नवरा उतरला! बघितलंस? जिनेवाला नाही, कोणी म्हणून दाखवा आता! चल, सरक, सोड मला, मला मिठी — अहो, वाट द्या! रूडी! तुझ्या काखेखालून जाऊ का मी? दुर्लक्ष करतायत बघ माझ्याकडे. आणि त्याचे हात मोकळे झाले असतील आता, नेमके आता, आणि हे उंटासारखे मधे. दिसतंय का तुला काही? तू उंच आहेस. मला फटीतून दिसतंय थोडं. कॅप्टन हात मिळवतायत त्याच्याशी. उजवा. दोन्ही हातांनी धरलाय. किती वेळ धरतायत... सोडा आता. सोडत नाहीयेत. घट्ट धरलाय, स्वतःच्या छातीशी. आणि डावा सॅलने घेतला. आता कॅप्टननी त्याचा हात रूडीच्या हातात दिला. दिला म्हणजे दिलाच, मधे सोडला नाही, हातातून हातात. पुढच्याने घेतला. त्याच्या पुढच्याने. पूर्वी आगीवर पाण्याच्या बादल्या द्यायचे ना एकाकडून दुसऱ्याकडे, खाली न ठेवता, तसं चाललंय. एक क्षण मोकळा नाही त्याचा हात. आणि पाठी सगळ्या आपल्याकडे, तुझ्या कॅमेऱ्याकडे...

अगं बाई.

ह्यांना माहीत आहे.

कधीपासून? कधीपासून माहीत आहे ह्या मेल्यांना? आणि एकाने तोंडातून ब्र काढला नाही! मासे म्हटलं तर मासे, गळ आणला, गळ! माहीत असून आणला! तो ह्यांच्यापासून लपवतोय, हे त्याच्यापासून लपवतायत, आणि मी तळघरात दुलया अंथरून, पोटऱ्या भाजून घेऊन, सगळ्या जगापासून लपवतेय — आणि शेवटी सांगितलं कुणाला? तुला! ह्या अख्ख्या बंबखान्यात ज्याला काही माहीत नव्हतं असा एकच माणूस होता, तो मी शोधून काढला! शाबास, जेनेव्हीव. आणि माझी मिठी? इतके दिवस ठरवलेली माझी मिठी ह्यांनी मधल्यामधे पळवली. चोर आहेत. सगळे चोर आहेत. देव त्यांचं भलं करो.

हो, रडतेय. डोळ्यांत काही गेलेलं नाही, रडतेय. बघायचं काय त्यात?

शू. वळला बघ, मला शोधतोय. हसतोय — बघ कसा हसतोय, त्याला वाटतंय त्याने सगळ्यांना फसवलं. त्याला तसंच वाटलं पाहिजे, कळलं? त्यांना कळलंय हे त्याला कळता कामा नये, आज नाही, कधीच नाही. आता मला तिथे जाऊन असं उभं राहायचंय की मला काहीच दिसलं नाही. रुमाल आहे का तुझ्याकडे? हा? हा रुमाल आहे की लेन्स पुसायचं फडकं? असू दे, दे.

आता हो बाजूला. आणि माझ्यामागून येऊ नकोस. जा, केक खा जा.